मार्क दोघींना ३४५, मग माझा एसजीपीए कमी का?

पत्र असं आहे:

"मॅडम, मी कळमनुरी तालुक्यातल्या एका गावची. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, रोज एसटीने ये-जा करते. तिसऱ्या सेमिस्टरचा निकाल लागला. मला ५०० पैकी ३४५ मार्क आहेत. माझ्या मैत्रिणीलाही बरोबर ३४५. पण माझा एसजीपीए ६.३० आणि तिचा ७.९०. मला रसायनात एफ आहे. बाबांनी विचारलं, 'टक्के किती पडले?' मला सांगताच आलं नाही. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला गेले तर नेट कॅफेवाल्या दादाने ९.५ ने गुणून ५९.८५ काढले. परभणीला कृषीला असलेला चुलतभाऊ म्हणतो, १० ने गुण, ६३ होतात. इंजिनिअरिंगची मावसबहीण म्हणते, आधी पाऊण वजा कर आणि मग १० ने गुण, म्हणजे साडेपंचावन्न. मार्कांवरून बघितलं तर ६९. यातलं खरं कोणतं? बाबा म्हणतात, विषय गेला म्हणजे वर्ष गेलं, आता गाडीभाडं कशाला घालायचं. त्यांना काय सांगू?"

प्रिय लेकरा,

तुझ्या दोन्ही गुणपत्रिकांचे फोटो, म्हणजे तुझा आणि मैत्रिणीचा, मी मोठे करून बघितले आणि वहीत उतरवून घेतले. मागच्या बाजूचाही फोटो तू पाठवलास हे फार बरं केलंस. बहुतेक मुलं पुढची बाजू बघतात, एफ दिसला की घडी घालून पिशवीत टाकतात. सगळी किल्ली असते मागच्या बाजूला.

पण आधी बाबांचं, कारण घरात तोच प्रश्न पेटलेला असणार. वर्ष गेलेलं नाही. बाबांच्या डोळ्यासमोर जुनी वार्षिक परीक्षा आहे. त्या वेळी मार्चमध्ये सगळे पेपर एकदम व्हायचे, आणि विषय राहिला की पोरगं वर्षभर घरी बसलेलं त्यांनी गावात बघितलेलं असेल. तुझी पद्धत सेमिस्टरची आहे. तू चौथ्या सेमिस्टरला बसतेस, वर्गात जातेस, आणि रसायनाचा तो एक पेपर पुढे पुन्हा देतेस. यालाच एटीकेटी म्हणतात. तिसऱ्या वर्षात जाताना किती विषय राहिलेले चालतात याची प्रत्येक विद्यापीठाची मर्यादा असते, ती कॉलेजच्या परीक्षा विभागात विचारून घे. ग्रेस मार्कांचा नियम तुला लागू होतो का, तेही तिथेच विचार. तुझा राहिलाय एकच, आणि एका विषयासाठी शिक्षण थांबवण्याचं काहीही कारण नाही. बाबांना हे स्वच्छ सांग. वाटल्यास हे पत्र वाचून दाखव.

आता ३४५ आणि ३४५.

एसजीपीए म्हणजे एका सेमिस्टरचा सरासरी ग्रेड पॉइंट. मार्कांचा थेट एसजीपीए होत नाही. आधी मार्कांचं अक्षर होतं, अक्षराचा अंक होतो, अंकाला क्रेडिटने गुणतात, आणि मग भागाकार. या प्रत्येक पायरीवर काहीतरी गळतं किंवा फुगतं. तुझं आणि मैत्रिणीचं जे वेगळं झालं ते याच पायऱ्यांवर झालं.

पहिली पायरी अक्षराची. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली दहा अंकांची एक पट्टी सुचवली, सगळीकडच्या विद्यापीठांची भाषा एक व्हावी म्हणून. ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी म्हणजे नुसता पास, ४. एफ म्हणजे नापास, शून्य, आणि गैरहजर असलीस तरी शून्य. (हा ओ म्हणजे आउटस्टँडिंग. एका बापाने माझ्यासमोर मुलीच्या गुणपत्रिकेतल्या ओला शून्य समजून डोळ्यांत पाणी आणलं होतं. तिला त्या विषयात ९३ होते. तुझ्या बाबांना हे आत्ताच सांगून ठेव, पुढच्या वेळी उपयोगी पडेल.) कुठल्या मार्कांना कुठलं अक्षर, हे मात्र ज्या-त्या विद्यापीठाच्या नियमात असतं. तुझ्या गुणपत्रिकेच्या मागे छापलंय ते असं: ९० पासून ओ, ८० पासून ए प्लस, ७० पासून ए, ६० पासून बी प्लस, ५५ पासून बी, ५० पासून सी, ४० पासून पी, त्याखाली एफ.

म्हणजे ६० आणि ६९ दोन्ही बी प्लस, दोन्हीला ७. आणि ६९ व ७० मध्ये एकाच मार्काचं अंतर असलं तरी ७० ला ८ मिळतात. हळदीचा ढीग लागतो तसं हे आहे. एका ढिगातली जरा बरी हळदसुद्धा त्या ढिगाच्याच भावाने जाते.

दुसरी पायरी क्रेडिटची, आणि ही तुझ्या बाबांना माझ्यापेक्षा चांगली समजेल. मोंढ्याच्या बाजारातून आडतीची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब, येते ना, ती घे. समज, हळदीची सहा क्विंटल कांडी (लांब हळकुंडं) १४,००० ने गेली आणि दोन क्विंटल गट्टू (गोल गड्डे) १२,००० ने. सरासरी भाव काय पडला? कुणीही घाईत १३,००० म्हणेल. पण बाबा म्हणणार नाहीत. कांडीचे ८४,०००, गट्टूचे २४,०००, मिळून १,०८,०००, भागिले आठ क्विंटल, म्हणजे १३,५००. जिथे वजन जास्त, तिथला भाव सरासरीला आपल्याकडे ओढतो. क्रेडिट म्हणजे विषयाचे क्विंटल, ग्रेड पॉइंट म्हणजे भाव, आणि एसजीपीए म्हणजे त्या सेमिस्टरचा सरासरी पडलेला भाव. यापलीकडे त्यात काहीही गूढ नाही.

क्रेडिट ठरतं तासांवरून. आठवड्याला एक तास शिकवणं, असं पूर्ण सेमिस्टरभर, साधारण १५ तास, म्हणजे एक क्रेडिट. प्रॅक्टिकलला दुप्पट तास लागतात. तुझे गणित, भौतिक आणि रसायन हे चार-चार क्रेडिटचे, १०० मार्कांचे. दोन प्रॅक्टिकल, इंग्रजी आणि पर्यावरण हे दोन-दोन क्रेडिटचे, ५० मार्कांचे. एकूण २० क्रेडिट. छोट्या पेपरांचं अक्षर मार्कांची टक्केवारी काढून ठरतं.

तुझी पट्टी मी अशी मांडली. गणित ६९, म्हणजे ७, गुणिले ४, झाले २८. भौतिक ६९, पुन्हा २८. रसायन ३६, एफ, शून्य. दोन्ही प्रॅक्टिकलला ५० पैकी ४४, म्हणजे ८८ टक्के, ए प्लस, ९ गुणिले २, प्रत्येकी १८. इंग्रजी ३९, म्हणजे ७८ टक्के, ए, १६. पर्यावरण ४४, १८. सगळे मिळून १२६. भागिले २०, बरोबर ६.३०.

मैत्रिणीची: गणित ७०, ए, ३२. भौतिक ६०, २८. रसायन ६०, २८. प्रॅक्टिकल ४० आणि ४०, म्हणजे ८० टक्के, प्रत्येकी १८. इंग्रजी ३५, म्हणजे ७० टक्के, १६. पर्यावरण ४०, १८. बेरीज १५८. भागिले २०, ७.९०.

आता दोन्ही पानं शेजारी ठेवून बघ. चार छोट्या पेपरांत तू तिच्यापेक्षा १६ मार्कांनी पुढे आहेस, पण एकाही पॉइंटचा फरक पडलेला नाही, कारण दोघी त्याच ढिगात आहात. भौतिकात तू ९ ने पुढे, तरी दोघींना २८. म्हणजे तुझे २५ मार्क ढिगांच्या पोटात गेले. गणितात ती एकाच मार्काने पुढे आणि त्या एका मार्काचे तिला चार पॉइंट मिळाले. रसायनात २४ मार्कांचा फरक आणि २८ पॉइंटचं अंतर. एसजीपीएमधला १.६० चा सगळा फरक या दोन विषयांत आहे, दुसरीकडे कुठे नाही. तिने काही लबाडी केलेली नाही, परीक्षकाने तुझ्यावर अन्याय केलेला नाही, आणि तू "ढ" तर मुळीच नाहीस.

आणखी एक गोष्ट मला दिसली ती सांगायलाच हवी. तू पास झालेले सहाही पेपर बघ. ६९, ६९, ४४, ४४, ३९, ४४. सहाच्या सहा ठिकाणी तू पुढच्या रेषेच्या एक मार्क अलीकडे उभी आहेस. इतकी वर्षं परीक्षा विभागात काम केलं, पण असा नमुना माझ्या हातात आला नव्हता. हे सहा मार्क असते तर १६ पॉइंट वाढले असते, म्हणजे एसजीपीएत ०.८० ची भर. हे तुला हळहळ वाटावी म्हणून सांगत नाही. तुझा अभ्यास तुला वाटतो त्यापेक्षा चांगला आहे, म्हणून सांगतेय. अंतर्गत चाचणी, जर्नल वेळेवर देणं, तोंडी परीक्षेला न घाबरता उत्तर देणं, असा एकेक मार्क इथेच मिळतो. रोज एसटीने येणारी मुलं जर्नल उशिरा देतात हे मी पाहिलंय. सकाळची गाडी चुकली की पहिलं प्रॅक्टिकल बुडतं. तुझं तसं होत असेल तर सरांना आधीच सांगून बॅच बदलून घे. मागितली तर बहुतेक कॉलेजांत देतात.

एफबद्दल एक समज फार पसरलेला आहे, तो काढून टाक. मुलांना वाटतं एफचा विषय हिशेबातून बाजूला ठेवतात. तुझ्या गुणपत्रिकेत तसं नाही. वर पॉइंट शून्य पडले, पण खाली भागायला रसायनाचे चार क्रेडिट तसेच राहिले. हळद भिजून गेली तरी क्विंटल मोजलेच, अशी गत. काही ठिकाणी विषय सुटेपर्यंत एसजीपीए छापतच नाहीत, काही ठिकाणी असा छापतात. आणि सुटला की तेच आकडे उलट्या दिशेने चालतात. नुसते ४० मिळाले तरी १६ पॉइंट येतात आणि या सेमिस्टरचा एसजीपीए ७.१० होतो. ५० मिळाले तर ७.३०. ६० मिळाले तर ७.७०. म्हणून "कसाबसा काढून टाकते" असं मनात आणू नकोस. बॅकलॉगचा पेपर नुसता पास व्हायला देणं आणि ६० आणायला देणं यात तुझ्यासाठी ०.६० चा फरक आहे, आणि तेवढा फरक दुसऱ्या कुठल्याही एका पेपरात तुला इतक्या सहज मिळणार नाही. फक्त एक विचारून घे: तुझ्या विद्यापीठात पुनर्परीक्षेच्या मार्कांना पूर्ण ग्रेड देतात ना.

रसायनाची उत्तरपत्रिका मागवायची की नाही हे तू विचारलेलं नाहीस, पण मी सांगते. फोटोकॉपीचा अर्ज कर. निकालानंतर त्याची मुदत थोडी असते, म्हणून हे पत्र वाचलंस की दुसऱ्याच दिवशी परीक्षा विभागात जा. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज लगेच भरू नकोस. आधी पेपर हातात घे, रसायनाच्या सरांसमोर बस, आणि एकेक उत्तर बघ. एखादं उत्तर तपासायचं राहिलं असेल, बेरीज चुकली असेल, तरच पुढे जा. नाहीतर ते पैसे वाचव आणि त्या फोटोकॉपीचा खरा उपयोग कर, म्हणजे मार्क कुठे गेले हे शोध. माझा अंदाज, तू गणिताची असल्याने आकडेमोडीची उदाहरणं सोडवली असशील आणि सेंद्रिय रसायनातल्या अभिक्रिया पाठ न झाल्याने सोडल्या असशील. अंदाज चुकीचा असू शकतो. पेपर खरं काय ते सांगेल.

आता टक्के. तीन जणांनी तुला तीन आकडे दिले, चौथा मार्कांवरून निघाला आणि तू गोंधळलीस, त्यात नवल नाही. गंमत अशी की नेट कॅफेवाला दादा सोडला तर बाकी दोघं आपापल्या घरात बरोबर आहेत.

चुलतभाऊ परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या हिशेबाने बोलतोय. कृषी विद्यापीठांत तुझ्यासारखे ढीगच नाहीत. तिथे ६९ टक्के मिळाले की पॉइंट थेट ६.९०, आणि ७२.५ मिळाले की ७.२५. म्हणून त्यांचा ओजीपीए, म्हणजे एकूण सरासरी पॉइंट, १० ने गुणला की टक्के येतात. त्याचं त्याला खरं. तुझ्या पद्धतीत ६० आणि ६९ एकच झाल्यामुळे १० ने गुणून मूळ मार्क परत येत नाहीत. तुझंच बघ ना, मार्क ६९ टक्के आणि १० ने गुणलेले ६३. उलट मैत्रिणीचे मार्क तेच ६९ टक्के असून १० ने गुणले तर ७९ होतात.

मावसबहिणीचं पाऊण वजा करणं तंत्रशिक्षण परिषदेच्या तक्त्यातून आलंय. ६.२५ म्हणजे ५५ टक्के, ६.७५ म्हणजे ६०, ७.२५ म्हणजे ६५. इंजिनिअरिंगवाल्यांच्या तोंडी ते बसलंय. तिच्या विद्यापीठाने ते सूत्र घेतलं असेल तर तिचं तिला खरं.

आणि ९.५ चा तर तुझ्याशी काडीचा संबंध नाही. ते सीबीएसईच्या दहावीचं. २०१० ते २०१७ या काळात तिथे दहावीला सीजीपीए, म्हणजे एकूण सरासरी ग्रेड पॉइंट, द्यायचे, आणि ए-वन ही सर्वांत वरची ग्रेड मिळवणाऱ्या मुलांच्या मार्कांची सरासरी ९५ च्या आसपास निघाली म्हणून ९.५ ने गुणायचं ठरलं. २०१८ पासून तिथेही पुन्हा मार्क सुरू झाले. पण तो आकडा नेट कॅफेच्या काउंटरवर अजून फिरतोय आणि पदवीच्या फॉर्मांत घुसतोय. याचं मला फार वाईट वाटतं, कारण त्यात पोरांचं नुकसान होताना मी डोळ्यांनी पाहिलंय.

माझ्याच हाताखाली शिकलेला एक मुलगा. सीजीपीए ६.३४. नोकरीच्या फॉर्ममध्ये ९.५ ने गुणून त्याने ६०.२३ लिहिले. लेखी परीक्षा पास झाला. कागदपत्रं तपासायला गेला तेव्हा टेबलापलीकडच्या माणसाने फॉर्म आणि विद्यापीठाचं सर्टिफिकेट शेजारी-शेजारी ठेवलं. सर्टिफिकेटवर आकडा साठाच्या आत होता. त्याने फॉर्मवरच्या ६०.२३ खाली पेन्सिलीने एक रेघ ओढली आणि पुढच्या मुलाचं नाव पुकारलं. हा तिथून मला फोन करून एकच वाक्य बोलला, "मॅडम, मी खोटं नव्हतं लिहिलं." नव्हतंच लिहिलं त्याने. पण त्याला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून आकडा एकच खरा, तुझ्या विद्यापीठाच्या नियमाने येणारा. सूत्र कधी गुणपत्रिकेच्या मागे असतं, कधी परीक्षेच्या नियमावलीत, कधी विद्यापीठ स्वतःच रूपांतराचं प्रमाणपत्र देतं. तुझ्या फोटोत मागच्या बाजूला सर्वांत खाली दोन ओळी आहेत, पण तिथे पाणी पडलेलं दिसतंय आणि मला वाचता येत नाहीत. मूळ कागदावर नीट वाच. नसेल तर परीक्षा विभागातून लेखी घे. तोंडी सांगितलेलं घेऊ नकोस. आणि मिळालेला आकडा वर ढकलू नकोस. बँकांच्या भरतीच्या जाहिरातीत स्पष्ट लिहिलेलं असतं की ५९.९९ हे ६० पेक्षा कमी धरले जातील. उद्या प्राध्यापक व्हायचं मनात आलं तर त्यासाठीच्या नेट परीक्षेला पदव्युत्तरला ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना ५०, आणि तिथेही पूर्णांकात फिरवून चालत नाही.

शिष्यवृत्तीच्या फॉर्मचं काय करायचं? दादाने ५९.८५ भरून पाठवून दिलं असेल तर कॉलेजमधल्या शिष्यवृत्तीच्या क्लार्ककडे गुणपत्रिकेची दोन्ही बाजूंची झेरॉक्स घेऊन जा. फॉर्म आधी कॉलेजकडेच पडताळणीला येतो, तेव्हाच दुरुस्तीला परत पाठवता येतो. तुझ्या गुणपत्रिकेवर मिळालेले मार्क आणि एकूण मार्क दोन्ही छापलेत. फॉर्म मार्क विचारत असेल तर ३४५ आणि ५०० हेच लिहायचं, गुणाकार-भागाकार आपल्या मनाने करायचा नाही. पुढच्या वेळी फॉर्म भरताना स्वतः खुर्चीवर बस. दादा टाइप करेल, आकडा तू सांगायचास.

आता पुढचं, कारण खरी गोष्ट तिथे आहे. सीजीपीए म्हणजे आजवरच्या सगळ्या सेमिस्टरांचा मिळून भाव. तोही क्रेडिटच्याच वजनाने काढतात. तुझी तिन्ही सेमिस्टर २० क्रेडिटची असल्याने साधी सरासरी चालेल. पहिल्याला ७.२०, दुसऱ्याला ६.८०, आता ६.३०. बेरीज २०.३०, भागिले तीन, ६.७७. रसायनात ६० आणलेस तर तिसऱ्याचे ७.७० होतील, बेरीज २१.७०, आणि सीजीपीए ७.२३. पदवीला सहा सेमिस्टर, १२० क्रेडिट. अर्धे अजून शिल्लक आहेत. शेवटी ७.५० हवा असेल तर सहा सेमिस्टरची बेरीज ४५ व्हायला हवी. ४५ मधून २१.७० गेले, उरले २३.३०. तीन सेमिस्टरमध्ये वाटले तर दर वेळी ७.७७ च्या आसपास. रेषेच्या एक मार्क अलीकडे राहिलेले ते सहा पेपर आठव. रसायनात ६० धरून ते सहा मार्क मिळाले असते तर याच सेमिस्टरला ८.५० झाले असते. म्हणजे ७.७७ काही आभाळातलं नाही.

अभ्यासाचे तास वाटताना क्रेडिट बघ. चार क्रेडिटच्या पेपरात एक ढीग वर गेलीस की ४ पॉइंट, दोनच्या पेपरात २. पर्यावरणाला ४४ आणण्यासाठी तू जो वेळ दिलास त्यातला थोडा रसायनाला दिला असतास तर एफ आला नसता असं मला वाटतं. सोपा विषय हातात घेऊन बसायला बरं वाटतं, कारण पान उलटत राहतं. मीही विद्यार्थिनी असताना हेच करायचे. रसायन पहाटे घे, डोकं ताजं असतं तेव्हा. आणि एसटीतला तासभर इंग्रजी-पर्यावरणाला ठेव. गाडीत अभिक्रियेची समीकरणं लिहिता येत नाहीत, वाचता मात्र सगळं येतं.

मध्येच थांबण्याबद्दल एक. नव्या शैक्षणिक धोरणात दुसऱ्या वर्षानंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं, असं गावात कुणीतरी बाबांना सांगितलेलं असू शकतं. येतं, पण दोन वर्षांचे ८० क्रेडिट पूर्ण लागतात आणि वर उन्हाळ्यातला चार क्रेडिटचा व्यावसायिक अभ्यासक्रम. तुझे रसायनाचे चार बाकी असताना तो दरवाजाही बंदच आहे. आणि उघडा असता तरी मी तुला त्यातून जायला सांगितलं नसतं. गणितात आणि भौतिकात ६९ आणणारी मुलगी दोन वर्षांवर थांबवायची नसते. हे वाक्य बाबांसाठी आहे, त्यांनी रागावू नये. मिळवलेले क्रेडिट मात्र जपून ठेव. अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये तुझं खातं असेल, त्यात तिन्ही सेमिस्टरचे क्रेडिट जमा झालेत का ते एकदा डिजिलॉकरवर बघ. नावाचं स्पेलिंग आधारशी जुळत नसेल तर तिथे अडतं, आणि लग्न होऊन आडनाव बदलल्यावर ते निस्तरायला फार त्रास होतो.

बाबांना टक्के किती ते कसं सांगायचं? नुसता आकडा सांगू नकोस, त्यांना तो परका वाटेल. संध्याकाळी जेवण झालं की मागच्या हंगामातली हळदीची पट्टी काढ आणि तिच्या शेजारी गुणपत्रिका ठेव. पहिल्या रकान्यावर बोट ठेवून म्हण, हे क्विंटल. दुसऱ्यावर म्हण, हा भाव. आणि मग पेन्सिल त्यांच्या हातात दे. गुणाकार त्यांनाच करू दे. रसायनाच्या ओळीवर आल्यावर ते थांबतील आणि विचारतील, "हा माल परत न्यायचा का मोंढ्यावर?" तेव्हा सांग, हो, उन्हाळ्यात.

फोटोकॉपी मिळाली की मला रसायनाच्या पेपरातले प्रश्न आणि प्रत्येकाला मिळालेले मार्क लिहून पाठव. कुठल्या धड्यापासून सुरुवात करायची ते आपण त्यावरून ठरवू.